डेन्मार्कच्या राजाचं पदक

आमच्या मॅनेजरनं डेन्मार्कच्या राजाला अमेरिकेत, रेडमंडमध्ये आणलं नसतं, तर मी माझ्या सगळ्यात जुन्या मित्राचा आयुष्यभर गुपचूप हेवा करत राहिलो असतो आणि कुणाला पत्ता लागला नसता. हेवा करण्याची मला सवय आहे. काहींना संध्याकाळी चहा लागतो, तसं मला कुणाचं तरी चांगलं झालेलं खुपायला लागतं. बरीच वर्षं ते कुणीतरी म्हणजे हा मित्रच होता, त्यामुळे फार शोधाशोध करावी लागली नाही.

इंजिनियरिंगच्या हॉस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत चार वर्षं काढली. तो नागपूरचा, मी पुण्याचा. परीक्षेआधी मी महिनाभर घासायचो, हा आठवडाभर, आणि निकाल लागला की त्याचा नंबर माझ्यावर. अमेरिकेत मात्र मी आधी आलो. तीन वर्षांनी आमच्या कंपनीत जागा निघाली तेव्हा त्याचा रेझ्युमे मीच पुढे केला. हे मी त्याला कधी ऐकवलं नाही, पण मनातल्या मनात रोज एकदा तरी म्हणून घ्यायचो. दोन वर्षांत तो माझ्या बरोबरीला आला. त्यानं घर घेतलं, मी अपार्टमेंटमध्येच होतो. घराच्या वास्तुशांतीला मी खुर्च्या लावल्या, पत्रावळी वाढल्या आणि घरी येऊन दोन दिवस बायकोशी धड बोललो नाही.

आमची कंपनी लहान होती. औषधांच्या दुकानात बाटलीवर जे लेबल चिकटवतात, पेशंटचं नाव, औषध, दिवसातून किती गोळ्या, ते छापणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. ते लिहिणारे प्रोग्रॅमर वेगळे होते. आम्ही दोघं टेस्टर, म्हणजे त्यातल्या चुका शोधणारे. चूक सापडली की कंपनीच्या डेटाबेसमध्ये नोंद करायची, तिच्यावर तारीख आणि वेळ आपोआप पडायची. तीच चूक मागाहून दुसऱ्या कुणी नोंदवली, तर त्याच्या नोंदीवर ‘डुप्लिकेट’ असा शेरा बसून ती बंद व्हायची. एवढंच आमचं काम, आणि इतकाच आमचा मान.

मॅनेजर साठीच्या घरातला अमेरिकन गृहस्थ. त्याला आकाशनिरीक्षणाचा छंद होता. रेडमंडमध्ये ऑक्टोबरपासून मेपर्यंत ढगांमुळे आकाश दिसत नाही, त्यामुळे त्याची दुर्बीण गॅरेजमध्ये आणि तो आमच्या मीटिंगमध्ये असायचा. २००५च्या हिवाळ्यात नवीन आवृत्ती दुकानांकडे जायला सहा आठवडे उरले होते, तेव्हा त्यानं आम्हाला कामाचं सोडून एक गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकात डेन्मार्कच्या राजानं जाहीर केलं होतं की दुर्बिणीतून नवा धूमकेतू जो कोणी पहिल्यांदा शोधील, त्याला मी सोन्याचं पदक देईन. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर लायब्ररीत काम करणारी एक तरुण बाई होती. वडील बँकेत होते, घर बँकेच्याच इमारतीत, आणि गच्चीवर वडिलांनी दुर्बीण लावलेली. एका संध्याकाळी घरात पाहुणे जमलेले असताना ही त्यांच्यातून निसटून वर गेली आणि तिला धूमकेतू दिसला. राजाचं पदक मिळवणारी ती पहिली अमेरिकन.

‘तर,’ मॅनेजर म्हणाला, ‘आता मी राजा.’ त्यानं खिशातून पितळेचं एक पदक काढलं. ट्रॉफीच्या दुकानातून करून आणलं होतं, एका बाजूला शेपटीवाला धूमकेतू, वर निळी फीत. येत्या पाच आठवड्यांत जो सगळ्यात गंभीर चूक शोधील, त्याला हे. नियम राजाचाच ठेवला होता: शोध लागल्यावर पहिल्या टपालानं कळवायचं. म्हणजे डेटाबेसमधली वेळ ग्राह्य धरायची.

सगळे हसले. मीही हसलो. पण ते पदक मला हवं होतं, आणि इतकं हवं होतं की मला स्वतःचीच लाज वाटली. आठ वर्षं अमेरिकेत काढली होती आणि माझ्या गळ्यात कुणी काही घातलं नव्हतं. त्यातून ते त्याच्या गळ्यात पडू नये, ही इच्छा तर त्याहून जास्त तीव्र होती.

आता माझी एक खोड सांगायला हवी. आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलची रीडिंग्ज आधी कच्च्या वहीत घ्यायची, सरांना दाखवायची आणि मग खोलीवर बसून शाईनं जर्नलमध्ये उतरवायची, अशी शिस्त होती. जर्नलमध्ये खाडाखोड दिसली की सर पान फाडायचे. त्या भीतीनं माझी चार वर्षं गेली आणि ती भीती मी सामानात घालून इकडे आणली. कंपनीचा डेटाबेस मला जर्नलच वाटायचा. चूक दिसली की मी आधी ड्रॉवरमधल्या वहीत मराठीत टिपून ठेवायचो, कारण इंग्रजीत लिहिलं की ते पक्कं वाटतं. मग दोन-तीनदा करून बघायचो, आणि अगदी खात्री पटली की सुवाच्य इंग्रजीत डेटाबेसमध्ये उतरवायचो. मित्र त्याच कॉलेजचा, पण त्यानं ही शिस्त बहुधा विमानतळावरच सोडली होती. त्याला काही दिसलं की तो लगेच नोंद करायचा, स्पेलिंगच्या चुकांसकट.

आम्ही एकाच गाडीनं ऑफिसला जायचो. हायवेवर दोन माणसं असलेल्या गाड्यांना वेगळी लेन असते, तिनं गेलं की वीस मिनिटं वाचायची. एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी. स्पर्धेच्या पहिल्याच आठवड्यात, मंगळवारी घरी जाताना मी त्याला म्हणालो, ‘लेबलांत काहीतरी लोचा वाटतोय रे.’ तो म्हणाला, ‘कसला?’ मी म्हणालो, ‘बघतोय अजून.’ मग आम्ही वांग्याच्या भरतावर बोललो.

गुरुवारी सकाळी मी माझी नोंद डेटाबेसमध्ये घातली आणि दहा मिनिटांत ती परत आली. डुप्लिकेट. मूळ नोंद बुधवारची, दुपारची, आणि नाव त्याचं. पेशंटचं नाव फार लांब असलं तर लेबलमधली शेवटची ओळ, म्हणजे डोसची, खाली घसरून पुढच्या पेशंटच्या लेबलवर जाते. म्हणजे दोन गोळ्या घ्यायच्या माणसाच्या बाटलीवर चार गोळ्यांची सूचना. त्यानं हे शोधायला आपल्या वडिलांचं अख्खं नाव, गाव आणि आडनावासकट, घालून पाहिलं होतं. अख्ख्या ऑफिसात खळबळ उडाली. लिहिणारे धावत आले, मॅनेजर स्वतः त्याच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. पदक कुणाला जाणार हे त्याच दिवशी ठरल्यासारखं झालं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मंगळवारी मला दिसलं होतं. माझ्या वहीत मंगळवारची नोंद होती. मी त्याला गाडीत सांगितलं होतं आणि त्यानं माझ्या तोंडचा घास काढून घेतला होता. तरी त्याला मी ‘काँग्रॅट्स यार’ म्हणालो. तो म्हणाला, ‘अरे, बाबांना सांगितलं पाहिजे, नाव कामाला आलं.’ त्यानं माझी गाडीतली गोष्ट काढलीच नाही, आणि तेवढंच मला पुरलं.

पुढचे पाच आठवडे मी रोज त्याच्याबरोबर जात-येत राहिलो. रोज सकाळी तो हीटर वाढवायचा, मी कमी करायचो. तो गाणी लावायचा, मी बातम्या. वीस मिनिटं वाचतात म्हणून माणूस काय काय सहन करतो, ते मला त्या हिवाळ्यात कळलं. घरी आलो की बायकोपुढे तेच दळण. एकदा ती पोळ्या करता करता म्हणाली, ‘तू त्याला सरळ विचारलंस का, मंगळवारी मी सांगितलेलं तुझ्या लक्षात आहे का म्हणून?’ मी म्हणालो, विचारायचं काय, त्याला माहीत आहे. ती म्हणाली, ‘मग तुला त्याच्याशी बोलायचंच नाहीये. तुला जिंकायचंय.’ मला ते इतकं झोंबलं की मी ताटावरून उठून लायब्ररीत गेलो.

रेडमंडच्या लायब्ररीत मी त्या बेटावरच्या बाईचं पुस्तक काढलं आणि तीन संध्याकाळी बसून वाचलं. मॅनेजरनं आम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली होती. बाईंना धूमकेतू दिसला, पण त्यांनी कळवायची घाई केली नाही. वडील म्हणत होते जाहीर कर, त्या म्हणत होत्या खात्री होऊ दे. शेवटी वडिलांनीच दोन दिवसांनी विद्यापीठातल्या ओळखीच्या खगोलशास्त्रज्ञाला पत्र घातलं. नेमक्या त्या दोन दिवसांनी रोममध्ये एका पाद्र्याला तोच धूमकेतू दिसला, आणि त्याची बातमी युरोपात आधी पोचली. पदक त्याच्या नावावर जवळजवळ पक्कंच झालं. मग विद्यापीठाच्या अध्यक्षानं डेन्मार्कला पत्रं लिहिली की नियमाप्रमाणं कळवलं गेलं नाही हे खरं, पण पाहिलं तिनंच आधी. ऐन या भानगडीत राजा वारला, गादीवर त्याचा मुलगा आला. आणि त्या नव्या राजानं नियम बाजूला ठेवून पदक बाईंना दिलं.

मी लायब्ररीत बसून मोठ्यानं ‘हां’ म्हणालो असेन, कारण समोरच्या म्हाताऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. पाहिलं कुणी आधी, हे महत्त्वाचं, कळवलं कुणी आधी हे नाही. खुद्द राजाचा निकाल होता. बाईंचा स्वभाव तर मला सख्ख्या बहिणीसारखा वाटायला लागला. खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही. त्याही आमच्या कॉलेजात शोभल्या असत्या.

माझ्यासाठी पत्र लिहायला विद्यापीठाचा अध्यक्ष कुठून येणार, म्हणून मी स्वतःच लिहिलं. मॅनेजरला तीन पानी ईमेल. त्यात बेट, रोम, दोन राजे सगळं आलं. शेवटी लिहिलं की माझ्या वहीत मंगळवारची नोंद आहे आणि त्याच दिवशी मी माझ्या सहकाऱ्याला तोंडी कळवलं होतं. ईमेल पाठवला आणि मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी गाडीत त्याला गाणी लावू दिली.

दोन दिवसांनी मॅनेजरनं आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. मित्राला काही कल्पना नव्हती. मॅनेजरनं त्याला माझा ईमेल थोडक्यात सांगितला. मी टेबलाकडे बघत बसलो. तो म्हणाला, हो, मंगळवारी गाडीत हा लेबलांबद्दल बोलला होता. हे तो अगदी सहज म्हणाला. मी पाच आठवडे धरून बसलेली गोष्ट त्यानं पाच सेकंदांत देऊन टाकली होती.

मॅनेजर म्हणाला, पण पाहिलं नेमकं काय होतं? वही आणली आहेस का?

वही मी आणली होती. आता खरं सांगतो. वही मराठीत आहे, याचाच मला आधार वाटत होता. मी वाचून दाखवणार होतो आणि वाचताना पदरचं थोडं घालणार होतो. किती घालायचं तेही आदल्या दिवशी आंघोळ करताना ठरवलं होतं. मी वही उघडली, बोट ठेवलं, तेवढ्यात मॅनेजरनं हात पुढे केला. ‘तू नको,’ तो हसत म्हणाला, ‘दावा तुझा आहे. साक्षीदार वाचील. तुलाही ही भाषा येते ना?’ आणि त्यानं वही माझ्या मित्रापुढे सरकवली.

त्या पानावर माझ्या अक्षरात एवढंच होतं: ‘मंगळवार. लेबल दोन, वर एक ओळ जास्त. प्रिंटर? केबल बदलून बघणे. दूध, दही.’

मला ओळ दिसली होती. ती कुठून आली हे मला कळलं नव्हतं. यादीतलं पहिलं नाव लांबलचक होतं, मीच घातलेलं, माझ्या आजोबांचं. पण तिकडे माझं लक्षच गेलं नाही. बुधवारचा सगळा दिवस मी प्रिंटरच्या केबली बदलण्यात घालवला. रात्री घरी कुठे मला नावाचा संशय आला, तो गुरुवारी सकाळी खरा ठरला, आणि तोवर त्याची नोंद होऊन बराच वेळ झाला होता. बेटावरच्या बाईंना आपण काय पाहतोय ते पक्कं ठाऊक होतं. मी धूमकेतू पाहून काच पुसत बसलो होतो.

मित्रानं पान वाचलं. एकदा वाचलं, मग बोट खाली सरकवत पुन्हा वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मग स्वच्छ इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द लावत असल्यासारखं म्हणाला, ‘लेबल दोनच्या वरती एक ओळ जास्त येते. ती आधीच्या पेशंटच्या डोसची ओळ आहे. कारण बहुतेक लांब नाव. उद्या पुन्हा तपासणे.’ आणि वही मिटली.

मॅनेजर माझ्याकडे वळून म्हणाला, असंच आहे का?

मी मान हलवली. नुसती हलवली, तोंडानं काही बोललो नाही, आणि घरी जाऊन पुष्कळ दिवस मी स्वतःला समजावत होतो की मी खोटं बोललो नाही. एक वाक्य पुरलं असतं. मॅनेजरला काही राग आला नसता, तो हसला असता. माझ्या मित्राच्या हातात माझी वही होती आणि खोलीत ती भाषा कळणारे आम्ही दोघंच होतो.

मॅनेजर मात्र खूश झाला. हुबेहूब राजासारखा निकाल द्यायची संधी त्याच्याकडे चालून आली होती. शुक्रवारच्या मीटिंगला त्यानं खरोखर कागदाचा मुकुट घातला, बाईंची आणि पाद्र्याची उरलेली अर्धी गोष्ट सगळ्यांना सांगितली आणि पदक माझ्या गळ्यात घातलं. रोमचा तो पाद्री बाईंना पदक मिळालं त्याच वर्षी वारला, असं मी पुस्तकात वाचलं होतं. पदक गेलेलं त्याला कळलं का, कळल्यावर तो काय म्हणाला, हे मात्र त्यात नव्हतं. माझा पाद्री तिसऱ्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होता. मी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होतो, थोडा राग, थोडी कीव, काहीही. सापडलं असतं तर मला ते धरून बसता आलं असतं. तो फक्त टाळ्या वाजवत होता, आणि मध्येच त्यानं शेजारच्याला टिश्यूचा डबा दिला.

घरी जाताना माझी गाडी होती. बाहेर पाऊस, वायपर चालू. पदक मी कोटाच्या खिशात घातलं होतं. पाच-सात मिनिटं मी वाट पाहिली की तो काहीतरी म्हणेल. तो सीट मागे करण्याचा खटका शोधत होता.

शेवटी मीच म्हणालो, ‘वहीतलं तू तसं का वाचलंस?’

‘तसं म्हणजे?’

‘नव्हतं तसं.’

‘अरे, तुला ते मेडल पाहिजे होतं ना,’ तो म्हणाला. ‘महिनाभर तोंड पाडून ड्राइव्ह करतोयस. आधी बोलला असतास तर माझी एन्ट्री आधीच कॅन्सल करून टाकली असती मी.’

‘आणि तुला नको होतं?’

त्यानं सीटचा खटका सोडून दिला. मला बरं वाटावं म्हणून नव्हे, खरंच विचार करत होता. मला तेव्हा मनापासून वाटलं की यानं म्हणावं, हवं होतं. एकदा म्हणावं की मलाही हवं होतं रे, पण मित्र म्हणून तुला सोडलं. मग मी त्याचा ऋणी झालो असतो, आणि ऋणी होणं मला जमलं असतं.

‘ते लेबल बाहेर जायला नको होतं मला,’ तो म्हणाला. ‘कोणी म्हातारा माणूस चार गोळ्या खाऊन बसला असता. नाही गेलं. बास ना यार, अजून काय पाहिजे?’ आणि मग, ‘इंडियन स्टोअरला दोन मिनिटं थांबशील का, कोथिंबीर घ्यायचीय.’

मी थांबलो. तो पावसातून धावत आत गेला आणि मी गाडीत बसून राहिलो. त्या पाच आठवड्यांत मी वेळेचा विचार केला होता, वहीचा केला होता, दोन राजांचा केला होता. चुकीचं लेबल लावलेली बाटली घरी नेणारा माणूस माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. ह्याच्या डोक्यात मंगळवारपासून तोच होता.

त्याच्या मार्कांचा, घराचा, पगाराचा हेवा मी केला, त्याला निदान काही शेवट होता. मला तेवढे मार्क, तेवढं घर, तेवढा पगार मिळाला की तो संपायचा, आणि थोडाफार संपलाही. पण दुकानाच्या काचेतून तो कोथिंबिरीच्या जुड्या उलटून बघताना दिसत होता, माझ्या गैरहजेरीतही तसाच सुखी, आणि मला कळत होतं की त्याला ते पदक खरंच नको होतं. त्याचा हेवा मी अजून करतो, आणि त्यासाठी कुठल्या राजाकडे अर्ज करायचा ते मला माहीत नाही.